मक्याच्या राज्यातली तालीम

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या उंच इमारती येतात. पण त्या देशाच्या पोटात, जवळजवळ मधोमध, असे एक राज्य आहे की तिथे तासन्‌तास मोटार हाकली तरी इमारत दिसत नाही. दिसतो तो मका, सोयाबीन आणि गुरे. या राज्याचे नाव नेब्रास्का. आकाराने ते आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे दोन तृतीयांश. पण २०२० च्या गणनेत तिथली माणसे भरली जेमतेम साडेएकोणीस लाख. म्हणजे २०११ साली आपल्या एकट्या परभणी जिल्ह्यात होती त्याहून थोडीच जास्त. गुरे मात्र माणसांच्या सुमारे तिप्पट!

ऑगस्ट महिन्यात या मुलुखात गेलात तर मका डोक्याच्या वर गेलेला असतो. तुरे येऊन गेलेले असतात, कणसात दूध भरत असते. काढणीला अजून दीड-दोन महिने अवकाश. शेतकऱ्याने करायचे ते बहुतेक करून झालेले. आता पाणी द्यायचे आणि आभाळाकडे बघायचे. अशा दिवसांत माणसे एकत्र जमतात आणि बोलतात. आपल्याकडे पारावर जमतात, तिकडे गावच्या सहकारी संस्थेच्या धान्यकोठाराजवळ, नाहीतर नाक्यावरच्या छोट्या हॉटेलात, कॉफीचे पेले पुढे घेऊन. बोलण्याचे विषय दोनच. एक पाऊस, आणि दुसरा लिंकनच्या विद्यापीठातली ‘पोरे’. म्हणजे फुटबॉलचा संघ. यंदा नवीन कोण आले, सराव कसा चालला आहे, कोणाचा गुडघा दुखावला, कोणाला काळा सदरा मिळाला, याची चर्चा बाजारभावाच्या चर्चेइतक्याच गंभीरपणे चालते.

आता तुम्ही म्हणाल, खेळाचे वेड कुठे नसते? खरे आहे. पण इथल्या वेडात शेताची माती मिसळलेली आहे. ती कशी, हे पाहायचे तर आपल्याला लिंकनपर्यंत जायला हवे.

लिंकनच्या वाटेवर

पूर्वेकडून आलात तर मिसुरी नदीचा पूल ओलांडला की ओमाहा शहर लागते. तिथून पन्नास-पंचावन्न मैलांवर लिंकन, म्हणजे या राज्याची राजधानी. पूर्व भागात वर्षाला तीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेकडे जावे तसा तो कमी होत पंधरा इंचांवर येतो. म्हणजे अर्धे राज्य आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखेच. पण जमिनीखाली ओगलाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे. विमानातून खाली पाहिले तर चौकोनी शेतांत हिरवी वर्तुळे आखल्यासारखी दिसतात. मध्यभागी विहीर, तिच्याभोवती चाकांवर फिरणारा लांबलचक नळ. एकेका १६० एकरांच्या चौकोनात तो सुमारे १३० एकर भिजवतो. फ्रँक झायबाक नावाच्या शेतकऱ्याने ही युक्ती काढली, १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळवले आणि पुढे नेब्रास्कातल्याच एका कारखान्यात तिची यंत्रे तयार होऊ लागली.

१६० एकर हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. १८६२ साली अमेरिकन सरकारने कायदा केला, की जो कोणी जमिनीवर घर बांधून पाच वर्षे ती कसेल, त्याला १६० एकर मिळतील. त्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्या आदिवासी जमातींना हुसकावूनच ती मोकळी झाली होती, हेही विसरता कामा नये. त्याच १८६२ सालच्या दुसऱ्या एका कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या, त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. लिंकनचे नेब्रास्का विद्यापीठ १८६९ साली निघाले ते याच धोरणातून. थोडक्यात, शेतकऱ्याला जमीन आणि शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षण अशी ही जोडी.

म्हणून हे विद्यापीठ तिथल्या शेतकऱ्याला परके वाटत नाही. एकच उदाहरण देतो. १९१९ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला, की विद्यापीठाने तपासल्याशिवाय कोणताही नवा ट्रॅक्टर राज्यात विकता येणार नाही. कायदा आणण्यात पुढाकार घेणारा आमदार स्वतः शेतकरी होता आणि वाईट ट्रॅक्टर गळ्यात पडल्याने चांगलाच पोळला होता. १९२० पासून ही तपासणी लिंकनमध्ये सुरू झाली आणि तिचे आकडे जगभर मानले गेले.

शहरात शिरताना दुरूनच विधानभवनाचा चारशे फुटी मनोरा दिसतो. त्याच्या टोकावर राजा नाही की सेनापती नाही. तिथे उभा आहे एक शेतकरी! अनवाणी, कमरेला बियांची झोळी, हात फेकून पेरणी करणारा. ब्राँझचा हा साडेएकोणीस फुटी ‘पेरणारा’ १९३० साली तिथे चढवला गेला. राज्याने आपल्या माथ्यावर कोणाला बसवावे, हे या लोकांनी असे ठरवले.

कणसे सोलणारे

याच शहरात विद्यापीठाचे मोठे क्रीडांगण आहे. ते १९२३ साली लोकवर्गणीतून उभे राहिले. आज तिथे ८५,००० च्या आसपास माणसे बसतात. सामन्याच्या शनिवारी ते भरले, की ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे सोडली तर राज्यातली सर्वांत मोठी वस्ती त्या एका मैदानात असते! ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे खपत आली आहेत. चारशेहून अधिक सामने झाले. संघाच्या पडत्या काळात काही वेळा उरलेली तिकिटे देणगीदारांनी विकत घेतली, पण परंपरा मोडू दिली नाही. आणि केवळ मुलांच्याच खेळाला ही गर्दी होते असे समजू नका. ३० ऑगस्ट २०२३ रोजी याच मैदानात मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना भरवला, तेव्हा ९२,००३ माणसे आली होती. बायकांच्या खेळाला एवढी गर्दी जगात कुठे झाल्याची नोंद नव्हती.

त्यांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे, नाहीतर फेकायचा. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याला. समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे. आपल्याकडच्या माणसाला सांगायचे तर कबड्डीची पकड आणि कुस्तीची रग यांचे हे मिश्रण. म्हणूनच डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या घालतात.

संघाचे नाव ‘कॉर्नहस्कर्स’. म्हणजे मक्याची कणसे सोलणारे! आधी या संघाला ‘किडेखाऊ’ अशा अर्थाचे नाव होते. १९०० च्या सुमारास लिंकनच्या एका वार्ताहराने, चार्ल्स शर्मन यांनी, हे नवे नाव रूढ केले. त्या काळी मका हातानेच काढत. तळहाताला लोखंडी आकडा बांधायचा, उभ्या ताटावरच्या कणसाचा पाला त्या आकड्याने फाडायचा, कणीस मोडायचे आणि शेजारून चालणाऱ्या घोड्याच्या गाडीत फेकायचे. थंडीत, दवात, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. १९२४ ते १९४१ पर्यंत या कामाच्या राष्ट्रीय शर्यती भरत आणि हजारो माणसे त्या बघायला जमत. पुढे यंत्रे आली आणि आकडे खुंटीला लागले. नाव मात्र संघाने जपून ठेवले.

मक्याच्या घामातला सराव

सामने सुरू होतात ऑगस्टच्या अखेरीस नाहीतर सप्टेंबरात. त्याआधी सुमारे महिनाभर तयारीचा सराव चालतो. यालाच ते ‘कॅम्प’ म्हणतात. आपल्या तालमीत जत्रेच्या फडाआधी मेहनत वाढते ना, तसेच.

हे दिवस कडक उन्हाचे. पारा तिशीच्या वर तर असतोच, कधी चाळिशीला टेकतो. त्यात आणखी एक गोष्ट, जी शेतकऱ्यालाच पटेल. भर वाढीतला एक एकर मका दिवसाला ११ ते १५ हजार लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. लक्षावधी एकर मका एकाच वेळी असा श्वास सोडू लागला की हवा दमट आणि जड होते. तिथले लोक त्याला ‘मक्याचा घाम’ म्हणतात. अशा हवेत शंभर-सव्वाशे किलोच्या मुलांनी गाद्या बांधून धावायचे, म्हणजे जिवाशी गाठ. पूर्वी दिवसातून दोनदा सराव घेणे ही मर्दुमकी समजत. उन्हाने मुले दगावू लागली तेव्हा डोळे उघडले. आता पहिले काही दिवस पूर्ण साज चढवायचा नाही. आधी नुसते शिरस्त्राण, मग खांद्याच्या गाद्या, मग बाकीचे. दिवसातून दोनदा पूर्ण सराव घेण्याला २०१७ पासून बंदी आली. तरीही २०१८ साली मेरीलंड विद्यापीठात सरावात उष्माघात झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे दगावलाच. उन्हात राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नवे अंग उन्हाला हळूहळू सरावते, आणि पाणी तहान लागण्याची वाट न बघता द्यायचे असते. बैल असो की माणूस.

शरीर कमावण्याच्या बाबतीत या गावाने साऱ्या देशाला धडा दिला. १९६९ साली बॉयड एप्ली नावाच्या तरुणाला विद्यापीठाने मुलांची ताकद वाढवण्यासाठी म्हणून नेमले. असे स्वतंत्र काम सोपवलेला पगारी माणूस तोवर कॉलेजांत नव्हताच. वजने उचलली तर अंग जड होते आणि पाय मंदावतात, असा तेव्हा सर्वांचा समज. मुख्य प्रशिक्षक बॉब डिव्हॅनी यांनी बजावले म्हणतात, “एक जरी मुलगा मंद झाला तर तुमची नोकरी गेली.” मुले मंद झाली नाहीत. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे हा संघ देशात पहिला आला.

काळ्या सदऱ्याची गोष्टही अशीच गमतीची. १९६४ साली सरावात दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून सहायक प्रशिक्षक गावातल्या दुकानात सदरे आणायला गेले. काळा रंग कोणी घेत नसे, म्हणून ते स्वस्तात मिळाले असे सांगतात. ते बचाव फळीतल्या पहिल्या पंगतीच्या गड्यांना घालायला दिले. पुढे त्याला एवढा मान आला की काळा सदरा मिळणे म्हणजे आपल्याकडे मानाचा फेटा मिळण्यासारखे झाले. तो मागून मिळत नाही, आणि कामात ढिलाई झाली तर काढूनही घेतात. हा सदरा यंदा कोणाला मिळेल, यावर ऑगस्टभर पैजा लागतात.

कॉफीच्या टेबलावर

सराव बहुधा बंद दाराआड चालतो. वार्ताहरांना थोडा वेळ आत सोडतात, प्रशिक्षक चार शब्द बोलतात, तेवढेच. पण तेवढ्यावर गावोगाव दिवस दिवस चर्चा होते. शेतकऱ्याला जमिनीवरून पिकाचा अंदाज बांधायची सवय असते. तीच सवय इथे कामाला येते.

कोणी म्हणतो, “पोरगा उंच आहे, पण अजून हाडांवर मांस नाही. एक वर्ष थांबवा त्याला.” नवख्याला पहिले वर्ष सामन्यात न उतरवता नुसता सराव द्यायचा, हा तिकडे जुना रिवाज आहे. ते वर्ष मुळे धरण्याचे. दुसरा म्हणतो, “दुसऱ्या कॉलेजातून आणलेला गडी आहे, तयार आहे, पण टिकेल का?” २०१८ पासून खेळाडूंना कॉलेज बदलणे पुष्कळ सोपे झाले आहे, त्यामुळे दर वर्षी बाहेरचे तयार गडी येतात आणि आपले काही जातात. म्हातारी माणसे या नव्या चालीवर नाराज असतात. “आमच्या वेळी रोप लावायचे आणि चार वर्षे वाढवायचे, आता झाडच उपटून आणतात,” अशी त्यांची तक्रार.

आशा मात्र सर्वांना असते. १९६९ ते २००१ अशी तेहतीस वर्षे या संघाने दर मोसमात किमान नऊ सामने जिंकले. टॉम ओसबोर्न प्रशिक्षक असताना १९९४, १९९५ आणि १९९७ साली तो देशात पहिला आला. त्यानंतर उतार लागला. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे विजयांपेक्षा पराभवच जास्त. २०२४ च्या मोसमाचा शेवट न्यूयॉर्कमध्ये एका विजयाने झाला, तेव्हा कुठे सात-सहा असा हिशेब जमून लोकांनी सुस्कारा सोडला. सात वर्षे पीक बुडाले तरी आठव्या वर्षी पेरतो तो शेतकरी. त्यामुळे दर ऑगस्टला “यंदा जमेल” असे म्हणणे या लोकांना जड जात नाही.

आपणहून चालत आलेले

पण या सगळ्या गप्पांत एक प्रश्न असा असतो, की तो विचारताना आवाज बदलतो. “आपल्या भागातला कोण आहे यंदा?”

याचे कारण असे. मोठी कॉलेजे निवडक खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आणतात. १९७३ नंतर या शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर देशभर मर्यादा येत गेल्या आणि १९९० च्या दशकात ती ८५ वर आली. ओसबोर्न यांनी यावर एक मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. हे स्वतः नेब्रास्कातल्याच हेस्टिंग्ज गावचे. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही, पण अंगात जिद्द आहे, अशा मुलाने स्वतःच्या खर्चाने यावे. त्यालाही तोच सराव, तीच वजने, तोच वस्ताद. जमले तर पुढे शिष्यवृत्तीही मिळेल. अशा मुलाला ‘वॉक-ऑन’ म्हणतात, म्हणजे आपणहून चालत आलेला. ओसबोर्न यांच्या काळात संघाचा पट दीडशेच्याही पुढे जाई.

ही मुले यायची कुठून? खेड्यापाड्यांतून. तिथल्या कित्येक शाळांत अकरा गड्यांचा संघ उभा करण्याएवढीही मुले नसतात. म्हणून तर १९३४ साली, दुष्काळ आणि मंदीच्या दिवसांत, नेब्रास्कातल्याच एका शिक्षकाने सहा गड्यांचा फुटबॉल शोधून काढला आणि हेब्रॉन गावी त्याचा पहिला सामना झाला. आजही लहान गावांत सहा किंवा आठ गड्यांचे संघ खेळतात. जुलैत बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडून चार पैसे मिळवायचे, आणि ऑगस्टमध्ये लिंकनच्या मैदानावर आपल्यापेक्षा वीस-तीस किलो जड गड्यांसमोर उभे राहायचे. बहुतेकांच्या वाट्याला नुसता मार येई. चार वर्षे सरावात धक्के खाऊन एकदाही सामन्यात न उतरलेली मुले कितीतरी. पण काहींनी नशीब काढले. ब्रेनार्ड हे चारशेच्या आसपास वस्तीचे गाव. तिथल्या शाळेतून मकोविका आडनावाचे भाऊ असेच आपणहून आले. जेफ १९९४ आणि १९९५ च्या विजेत्या संघात होता, धाकटा जोएल १९९७ च्या. आणि जोएल पुढे व्यावसायिक संघात गेला.

असा मुलगा धक्के खात असला तरी लाल सदरा घालून शनिवारी मैदानाच्या कडेला उभा राही. गावचे चारशे लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, “तो आमचा.” या राज्यात राष्ट्रीय व्यावसायिक साखळीतला फुटबॉल संघ एकही नाही. जे आहे ते हेच. आणि ते त्यांचे वाटते याचे मोठे कारण हे उघडे दार आहे.

दार अरुंद झाले

आता त्या दाराचे काय झाले ते ऐका. कॉलेजातल्या खेळावर दूरचित्रवाणीमुळे अफाट पैसा मिळू लागला. मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्या मुलांना मात्र त्यातले काही मिळत नसे. हा अन्याय होता यात शंका नाही. मुले कोर्टात गेली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने तडजोडीला मान्यता दिली. आता कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजाला सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादाही गेली. पण त्याबरोबर फुटबॉलच्या पटावर १०५ ची मर्यादा आली. ज्यांची जागा यामुळे जात होती अशा जुन्या मुलांपुरती काही सूट ठेवली; पुढे येणाऱ्यांना ती नाही.

म्हणजे न्याय मिळाला तो वर असलेल्यांना, आणि त्याची किंमत मोजावी लागली ती पंगतीच्या शेवटी बसलेल्याला. आपणहून येणाऱ्याला अजून बंदी नाही. पण दीडशेच्या पंगतीत मागे बसायला जागा मिळे, ती १०५ च्या पंगतीत सहज मिळत नाही. त्यात गावेही आटत चालली आहेत. शेत सरासरी हजार एकरांच्या घरात गेले आहे. जिथे पूर्वी १६० एकरांवर एक कुटुंब होते, तिथे आता सहा जागांचे मिळून एक उरले. शाळा एकमेकींत मिसळतात, कोठाराजवळचे टेबल लहान होते. अशा गावातला एक मुलगा लिंकनला जाणे ही केवळ त्याच्या घरची बाब राहत नाही.

म्हणून यंदाचा गडी किती वेगाने पळतो, यापेक्षा “आपला कोण आहे?” हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्याला जास्त लागतो. संघ जिंकावा असे त्याला वाटतेच. बाहेरून विकत आणलेल्या गड्यांनी जिंकला तरी तो टाळ्या वाजवील. पण जिंकणारा संघ आणि आपला संघ यांत फरक असतो, हे त्याला कळते. आपल्याकडच्या तालमींनाही हे कळायला हवे. वस्तादाने गावातल्या कच्च्या पोरालाही लंगोट बांधून मातीत उतरू दिले, म्हणूनच गावाने तालमीला दूध पुरवले. ते पोरगे केसरी झाले नाही म्हणून गावाने कधी हिशेब मागितला नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस मका वाळू लागेल, यंत्रे शेतात उतरतील. शनिवारी दुपारी यंत्राच्या कोठडीत बसलेला शेतकरी रेडिओ लावील आणि कणसांच्या ओळी कापत सामना ऐकेल. पटावरच्या १०५ नावांत त्याच्या तालुक्यातले एखादे नाव असले, तर ते उच्चारले जाण्याची तो वाट बघेल. नसले तर पुढच्या वर्षी कोणाचा मुलगा तयार होतो आहे, हे तो काढणी उरकल्यावर टेबलावर विचारील.